कोपरापाशी बायसेप्सची नस तुटली, ऑपरेशन करू का नको?

कास्तकार_आर्वी
राम राम मंडळी. वय 44, शेती आहे. मागच्या सोमवारी सोयाबीनचं पोतं ट्रॉलीत चढवताना वरच्या गड्याच्या हातून सुटलं आन सगळा भार माह्या उजव्या हातावर आला, कोपरात टक् वाजलं, जसा दोर तुटते तसं. तिसऱ्या दिवशी हात काळानिळा अन् दंडाचा गोळा वर चढलेला. गावात म्हणे लचकला, मालिश करा. मग वर्ध्याले हाडाच्या डॉक्टरले दाखवलं, एमआरआय झाला, ते म्हणते नस हाडापासून पूर्ण निघाली, ऑपरेशन लवकर करा. आता आमच्या मोठेबाबांची पण बायसेप्सचीच तुटली होती, त्यायनं काहीच केलं नाई तरी सगळी कामं करते. चणा पेराचा बाकी आहे. काय करू?

बंड्याभाऊ
काई नका करू भाऊ, माह्या काकाले फक्त दंडावर कायमची बेडकुळी आली बस, लोकं हासतात तेवढंच 😄

फिजिओताई
बंड्याभाऊ थांबा, काकांची खांद्यापाशी तुटली असेल. वरच्या बाजूनं बायसेप्सला दोन मुळं असतात, एक गेलं तरी दुसरं धरून ठेवते, म्हणून वयस्कर माणसाला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. खाली कोपरात मात्र एकच टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, त्यालाच आपण इथं नस म्हणतोय. ते तुटलं तरी आतल्या दुसऱ्या स्नायूमुळं हात वाकतो, त्यामुळंच लोकं फसतात. पण ऑपरेशन नाही केलं तर वाकवायची ताकद साधारण 30 टक्के आणि पेचकस फिरवतो तशी मनगट फिरवायची 40 टक्क्यांपर्यंत कमी होते. दोन-तीन आठवड्यांत केलं तर सोपं, नंतर नस आखडून वर चिकटते, मग मांडीची नस काढून जोडावी लागू शकते. धोके आहेतच, हाताच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो, बहुतेकांचा जातो, क्वचित बोटं वर उचलणारी नर्व्ह (मज्जातंतू) दुखावते. आणि ते मालिश आजच बंद करा!!

जुना_मिस्त्री
माही कोपरातलीच तुटली होती, डावा हात, वय 58, शुगर वाढलेली म्हणून तसंच ठेवलं. दुखणं दोन महिन्यात गेलं, बादली उचलतो, जेवतो-खातो, पण मोटरपंपाचा नट खोलाले गेलो का हात भरून येते. उजवा असता ना, तर शुगर आटोक्यात आणून केलंच असतं.

कास्तकार_आर्वी
मोठेबाबांले विचारलं, खांद्यातलीच होती व्हय. सरकारच्या फुले जनआरोग्य योजनेत बसते का हे? आन पोतं कधी उचलता येईन?

फिजिओताई
राशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, तोच नक्की सांगेल. पोत्याचं 4 ते 6 महिने नाव नको.

कास्तकार_आर्वी
मंग चणा भाच्याच्या गळ्यात. बुधवारी भरती होतो. तेलाची बाटली बायकोनं केव्हाचीच गोठ्यात नेऊन ठेवली.