होडीच्या नांगराचे गणित आधी मांडावे
कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे विजयदुर्गला उतरून पती-पत्नींनी छोट्या शिडाच्या होडीतून निर्जन खाड्यांत मुक्काम करावा का, या प्रश्नावर इथल्या चर्चेत बहुतेकांनी वाऱ्याबद्दलच लिहिले आहे. माझ्या मते खरा प्रश्न नांगराचा आहे. ओहोटीला मोजलेल्या ३ मीटर खोलीत उधाणाच्या भरतीने वाढणारे सुमारे २ मीटर पाणी आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची मिळवून, त्या बेरजेच्या निदान पाचपट साखळी, किंवा बहुतांश दोर असल्यास सातपट लांबी सोडावी लागते. विजयदुर्गजवळच्या वाघोटन खाडीत भरती-ओहोटीबरोबर प्रवाह उलटतो आणि होडी नांगराभोवती फिरते, म्हणून सभोवती मोकळी जागा हवी (मासेमारीची जाळी आधी पाहावीत). दोघांनी आळीपाळीने रात्रभर जागावे, हा सल्ला शांत हवेत मला अतिरेकी वाटतो. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र हा बेतच नको.