गेलेल्यांचे कपडे ठेवावेत की नाही
तेराव्याच्या आत सगळे कपडे वाटून टाकावेत, नाहीतर जीव अडकतो, असं कुणीतरी लिहिलंय. वाटायला हरकत नाही हो, पण सगळेच कशाला? आमची आजी गेली तेव्हा आईने तिची चार लुगडी बाजूला ठेवली आणि उन्हाळ्यात आत्या आल्यावर दोघींनी मिळून गोधडी शिवली. नऊवारी म्हणजे ९ वार, सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, घडीवर घडी घातली की मस्त जाड होते, मग कडेने धावदोरा सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. शिवताना दोघी आजीच्या नकला करून हसत होत्या आणि मधेच आत्या एकदम गप्प, कारण एका पदराच्या टोकाला गाठीच्या सुरकुत्या तशाच होत्या, तिथे आजी सुटे पैसे बांधायची. तो तुकडा मुद्दाम वरच्या बाजूला घेतला.

आणि मरण स्वीकारणं वगैरे म्हणाल तर ते आमच्यापेक्षा तिलाच जमलेलं. ट्रंकेच्या तळाशी एक कोरं लुगडं होतं, "मला ह्यातच न्या, उगाच नवीन आणू नका" असं सांगायची आणि आम्ही काहीतरीच काय गं आजी म्हणून विषय बदलायचो. शेवटी ते काढलं तर घडीत डांबरगोळ्या आणि लाकडांसाठी जपलेल्या ५०० च्या चार नोटा, २०१६ ला बंद झालेल्या. रडता रडता हसलो सगळे.