‘ग्रिडेड डेटा’ म्हणजे जाळीदार विदा?

कोथरूडकर: भूभौतिकीवरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘डेटा’ला ‘विदा’ घेतलाय. पण ‘ग्रिडेड डेटा’ला ‘जाळीदार विदा’ लिहिलं, तर बायको म्हणाली, अनारशांवर लिहितोयस का?

सर्व्हेवाली: वहिनींचं बरोबर आहे. जाळीदार म्हटलं की भोकं दिसली पाहिजेत. ग्रिडची, म्हणजे सारख्या चौकोनी घरांत भरलेल्या आकड्यांची, खोड नेमकी उलटी, भोकं दिसतच नाहीत. गेब्को ग्रिड घ्या, म्हणजे जगभरच्या समुद्रतळाच्या खोलीचा. दर १५ आर्क-सेकंदांना (विकला म्हणा हवं तर; अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे विषुववृत्तावर साधारण ४६० मीटरला, एक आकडा. एकही घर रिकामं नाही. पण जहाज वगैरे नेऊन प्रत्यक्ष मोजलेला तळ जेमतेम पाव. उरलेला बहुतेक अदमास: उपग्रहाने समुद्रपृष्ठाची उंची मोजली, त्यावरून गुरुत्व काढलं, गुरुत्वावरून खोली धरली. आता हीच खोली गुरुत्वाच्या अभ्यासात घाला. जुळतं! जुळणारच, आपणच ठेवलेलं आपल्यालाच सापडतं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी असाच एक देखणा आलेख घेऊन मी गाइडकडे गेले होते. सरांनी एवढंच विचारलं, “यात जहाज कुठून गेलं होतं?” मग सोबतची टीआयडी फाइल उघडली. कुठल्या घरातला आकडा मोजलेला आणि कुठला धरलेला, ते तिच्यात असतं. माझ्या पट्ट्यात जहाजाची एकच तिरकी रेघ.

कोथरूडकर: बाप रे. जमिनीवर तरी बरं असेल?

सर्व्हेवाली: आपल्या शिमला ऑफिसचा (पुण्यातलं हवामान खातं हो) पाव अंशाच्या घरांचा पाऊस बघा, १९०१पासून रोजचा. कामाचा आहे, मीही वापरते. पण एक घर साधारण २७ किलोमीटरचं. महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच घरात! पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घरातला आकडा दोघांचाही नाही.

एक वाचक: मग ‘सारवलेला विदा’ म्हणा. सारवलं की तडा कुठे होता ते कळत नाही.

सर्व्हेवाली: झकास, पण छापतील का? ‘पटावर मांडलेला विदा’ चालेल. पटाला घरं असतातच, आणि ‘मांडलेला’त कुणीतरी मांडलाय हे येतं. ‘निरीक्षणं’ मात्र लिहू नका हो. ते मोजलेल्यासाठी राहू द्या.

कोथरूडकर: मूळ लेखातच सात ठिकाणी ‘ऑब्झर्व्ड’ आहे, ताई.

सर्व्हेवाली: मग आधी लेखकाला विचारा, टीआयडी उघडली होती का.