मदत हवी आहे : सेन्सर बदलला तरी कूलंट टेंपरेचरचा कोड पी०११८ पुन्हा येतो

मंडळी, गाडीच्या वायरिंगमधलं ज्यांना कळतं त्यांचा सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील.

गाडी २०१५ची, पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसी. चालता चालता चेक इंजिनचा दिवा लागतो आणि त्याच क्षणी रेडिएटरचा पंखा फुल स्पीडने फिरायला लागतो, एसी बंद असला तरी. पंखा नंतर थांबतो, दिवा मात्र राहतो. खड्डा किंवा स्पीडब्रेकर गेला की हे जास्त होतं. ॲव्हरेज घसरलंय. सगळ्यात त्रासाचं म्हणजे गरम गाडी दहा मिनिटं बंद करून पुन्हा चालू करायला गेलं की नुसता सेल्फ फिरत राहतो आणि पेट्रोलचा वास येतो.

गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी०११८ दिसला. त्यांनी कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारा सेन्सर बदलला. कोड परत आला. मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकला, ‘आपल्याकडच्या हवेत त्याची गरज नसते’ म्हणाले. त्यानंतर पी०१२८ हा आणखी एक कोड यायला लागला. आता ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदला म्हणतात, आणि त्याचा खर्च ऐकून मी गाडी घरी घेऊन आलो.

मित्राचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) लावून मोबाइलवर आकडे बघितले. कूलंटचं तापमान ७० वगैरे दाखवत असतं, मधेच क्षणभर उणे ४० होतं, लगेच परत ७०.

आईला वाईहून पुण्याला तपासणीसाठी न्यावं लागतं. येताना खंबाटकीच्या चढावर, मागे ट्रकची रांग असताना गाडी बंद पडली तर काय, ही खरी धास्ती आहे. ईसीएमवर पैसे घालण्याआधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ईसीएमला अजिबात हात लावू देऊ नका. तुम्ही बघितलेला उणे ४० हा आकडाच सगळं सांगतोय.

हा सेन्सर म्हणजे तापमानानुसार बदलणारा रेझिस्टन्स. थंड असताना जास्त, गरम झाला की कमी. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि ८०-९० अंशांना दोनशे ते साडेतीनशे ओहमच्या आसपास मिळतो. ईसीएम त्याला ५ व्होल्ट देतो आणि किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली की पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, त्याचा अर्थ तो ‘उणे ४०’ असा लावतो आणि पी०११८ टाकतो. उलट वायर बॉडीला टेकली तर तापमान एकदम १३० च्या वर जातं आणि कोड पी०११७ येतो. म्हणजे पी०११८ हा कोड सर्किट कुठेतरी तुटल्याचं सांगतो, सेन्सरच खराब आहे असं नाही.

पंखा लागतो कारण तापमान कळेनासं झालं की ईसीएम इंजिन वाचवायला तो चालू करतो. आणि गरम इंजिनाला बर्फासारखं थंड समजून भरमसाट पेट्रोल सोडतो, म्हणून तुमची गाडी ओव्हरफ्लो होऊन चालू होत नाही. पुन्हा तसं झालं तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत तेव्हा इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेलं पेट्रोल निघून जातं.

आता तपासणी. इंजिन गार असताना सेन्सरचा कपलर (वायरच्या टोकाचा प्लग) काढा, इग्निशन ऑन, इंजिन बंद. मोबाइलवर उणे ४० दिसायला हवं. मग कपलरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा. आकडा एकदम १२० च्या पुढे गेला तर ईसीएम ठणठणीत आहे. ती वायर तशीच जोडलेली ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) कपलरपासून मागे मागे हलवत जा. जिथे आकडा उणे ४० ला कोसळेल, तिथे दोष. हे दोन पिनांच्या सेन्सरसाठी आहे, तीन पिना असतील तर आधी वायरिंगचा नकाशा बघा. उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, पावसाळ्यात हे फार होतं. इंजिन माउंटिंगचं (इंजिनाला आधार देणारं) रबर दबलं असेल तर इंजिन जास्त हलतं आणि वायरला ओढ बसते.

प्रतिसाद २

पी०१२८ बद्दल. तो कोड थर्मोस्टॅट काढल्यामुळेच आलाय. इंजिन ठरलेल्या वेळेत ठरलेल्या तापमानाला पोचत नाही, एवढंच तो सांगतो. तुमचं ७० वरच अडकणं तेच आहे. गरज नसते हे चूक आहे. गार इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि ऑइलमधला ओलावा उडत नाही, सिलिंडर लवकर झिजतात.

नवा थर्मोस्टॅट घ्या, त्यावर कोरलेला उघडण्याच्या तापमानाचा आकडा (८२, ८८ असा काही) कंपनीच्या मूळ पार्टचाच हवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून दोऱ्याला टांगून बुडवा, त्या आकड्याजवळ तो उघडताना डोळ्यांना दिसतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

अजून एक, आईंना घेऊन जाण्याआधी : तापमानाचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत याच सेन्सरवर चालतो. सर्किट तुटलेलं असताना इंजिन खरंच तापलं तर तो दिवा लागेलच असं नाही. दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पिना जोडल्यावर आकडा १३० च्या वर गेला, आणि कपलरच्या मागची वायर जरा वाकवली की उणे ४०. काळी टेप सोडली. वायरचं प्लॅस्टिक बाहेरून अखंड होतं, पण बोटाने दाबलं तर एका जागी पोकळ लागलं. कापून बघितलं तर आत तांब्याची हिरवट भुकटी आणि एकच तार शिल्लक. वायरच्या तुकड्यासकट नवीन कपलर मिळाला, तो ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सोल्डर करून घेतला. पंखा आता वेळेवर लागतो, गरम गाडी पहिल्या सेल्फला चालू होते.

थर्मोस्टॅटची ऑर्डर दिलीय. कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढायला काही गाड्यांना वेगळा स्क्रू असतो म्हणतात, मला होजजवळ तसा कुठे दिसला नाही. नसेल तर झाकण उघडं ठेवून गार इंजिनपासून सुरू करायचं आणि पंखा लागेपर्यंत कूलंट भरत राहायचं, हे बरोबर ना? केबिनचा हीटर तेव्हा चालू ठेवायचा का?