इंजिनिअर तेच होते, युरेनियम नव्हतं

भारत-अमेरिका अणुकराराबद्दल 'अणुकरार म्हणजे पुढाऱ्यांचे फोटो, वीज बनवतात ते इंजिनिअर' असं कुणीतरी म्हटलं, ते अर्धंच पटलं. इंजिनिअर तर २००८ च्या आधीही तेच होते. तरी त्या सुमारास देशातल्या अणुभट्ट्या जेमतेम निम्म्या क्षमतेवर रखडत होत्या, कारण युरेनियम अपुरं होतं. त्या करारामुळे सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने (अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांच्या गटाने) भारताला अणुव्यापाराची सूट दिली, रशिया, कझाकस्तान आणि पुढे कॅनडाचं इंधन आलं, नि त्याच भट्ट्या नीट चालू लागल्या. (अर्थात बाहेरचं इंधन आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्याच भट्ट्यांना, म्हणजे रावतभाटा, काक्रापार वगैरे. कैगाला अजून देशीच युरेनियम.) तारापूरचं तर विचारूच नका. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधनासाठी हात आखडता घेतला, मग फ्रान्सला गाठावं लागलं. नंतर चक्क चीननेही इंधन दिलंय!

आम्हा सोलापूरकरांसमोर फताटेवाडीचा एनटीपीसीचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे. १३२० मेगावॅट, पाणी उजनीचं आणि कोळशाच्या मालगाड्या सतत यायला हव्यात. अणुइंधन वजनाला इतकं कमी लागतं की काही वर्षांचा साठा करून ठेवता येतो. पण तो साठा आधी कुणीतरी विकायला तयार व्हावा लागतो, आणि ते काम परराष्ट्र खात्याचंच.