'बोल्ड डिस्प्ले सेरिफ'ला मराठीत काय म्हणावं?

अनघा:
छपाईविषयीच्या एका प्रदर्शनाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'कूपर ब्लॅक'पाशी अडले. शिकागोच्या ओझ्वाल्ड कूपरचा हा टाइप, १९२२ साली बाजारात आला. इंग्रजीत त्याचं वर्णन 'बोल्ड डिस्प्ले सेरिफ' असं आहे, म्हणजे मोठ्या मजकुरासाठीचा जाड टाइप, ज्याच्या अक्षरांच्या टोकांना सेरिफ, म्हणजे छोटे आडवे फाटे असतात. मी 'ठळक शीर्षकी सेरिफ' लिहिलं. संपादक म्हणाले, बातमी ठळक असते, अक्षर जाड असतं. आमच्याकडे तर सगळे 'ठळक अक्षरात लिही' असंच म्हणायचे. चुकलं का?

मंदार:
ठळक म्हणजे उठून दिसणारं. बारीक अक्षरही लाल शाईनं ठळक होतं. इथे 'ठसठशीत' घ्या. कपाळावरचं ठसठशीत कुंकू डोळ्यांपुढे आणा, तसंच गोल आणि भरलेलं अक्षर आहे हे. शिवाय शब्द ठशावरून आलेला, म्हणजे छपाईतलाच.

जुळारी:
माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. तिथे ना ठळक, ना ठसठशीत. टाइप एकतर पांढरा, नाहीतर काळा. "मथळा काळ्यात घे" एवढंच. कूपरच्या नावातही ब्लॅक आहेच की!

सीमा:
पण ईझीजेट या विमान कंपनीचं नाव याच टाइपात आहे, केशरी रंगात. 'काळा टाइप' वाचून आजचा वाचक गोंधळेल.

वसंत:
खरी अडचण सेरिफची आहे. परका शब्द तसाच का ठेवायचा? 'टोकरेघ' म्हणा.

अनघा:
कूपर ब्लॅकमध्ये रेघ दिसतच नाही हो. टोकं इतकी गोलावलीत की 'आय'चा तळसुद्धा सपाट नाही, पेढा अंगठ्यानं दाबल्यासारखा फुगलाय. 'ओ'ची आतली पोकळी मागे कललेली आणि अगदी लहान. त्यामुळे पाट्या, जाहिराती, मथळे यांत तो शोभतो, पण सलग मजकूर त्यात लावला तर डोळे थकतात.

जुळारी:
पोकळीचं अगदी बरोबर. काळ्या टाइपात 'ष'चं पोट शाईनं बुजायचं. वडील टाचणीनं ते कोरून काढत.

वसंत:
देवनागरीची शिरोरेषा हाही एक सेरिफच ना?

मंदार:
मुळीच नाही. सेरिफ एकेका फटकाऱ्याच्या टोकाला असतो, शिरोरेषा अख्खा शब्द बांधते. आपल्याकडे जाड-बारीक आलं ते बोरूच्या तिरक्या छाटेतून. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्याचे टाइप बघा. वळण किती देखणं!

वसंत:
मग 'टाइप' तरी का? 'टंक' म्हणा.

जुळारी:
टंक म्हटलं की टंकलेखन आठवतं. खिळा म्हणा.

सीमा:
संगणकात कसला आलाय खिळा?

अनघा:
पत्रक परवा छापायला जातंय. तूर्त 'मथळ्याचा ठसठशीत टाइप' लिहिलंय, सेरिफ तसाच ठेवलाय.

मंदार:
'मथळ्याचा' नको. पाटीवर कुठे मथळा असतो? 'दर्शनी' करा.