बाकावर बसून विश्वास कसा टिकवायचा?

बदली_गोलकीपर:
व्यावसायिक क्लबमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर आहे. सामन्याआधी पहिल्या गोलकीपरला मीच चेंडू मारून तयार करतो, मग जॅकेट चढवून बाकावर जाऊन बसतो. अख्खे हंगाम असेच गेले. रोज प्रार्थना करतो, उपासनाही चुकवत नाही. पण चर्चमध्ये साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं याचे अनुभव, ऐकायला मिळतात त्या जिंकलेल्यांच्याच. विश्वास सोडायचा नाहीये, म्हणूनच विचारतोय: अशा वेळी धीर धरायचा म्हणजे रोज नेमकं करायचं काय?

जुना_गोल्फर:
जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरचं उदाहरण देतो. १९८५ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकल्यावर लगेचच तो खेळाडूंच्या बायबल अभ्यासाला गेला आणि तिथून त्याचा विश्वासाचा प्रवास सुरू झाला. पण पटिंग करताना, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालताना, हात झटका खायचा, तो त्रास काही कायमचा गेला नाही. १९९१ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका या सांघिक स्पर्धेत, शेवटच्या लढतीच्या शेवटच्या होलवर सहा फुटांचा पट (असा हलका फटका) त्याच्या वाट्याला आला. गेला असता तर १४-१४ अशी बरोबरी होऊन कप युरोपकडेच राहिला असता. तो हुकला. पुढच्याच आठवड्यात जर्मनीत, शेवटच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर), त्याहून लांबचा पट घालून त्याने प्लेऑफ, म्हणजे बरोबरीनंतरची निर्णायक लढत, गाठला आणि ती स्पर्धा जिंकली.

मला त्या विजयापेक्षा त्याची पकड मोलाची वाटते. डावा हात पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) दांडीला लावून उजव्या हाताने दोन्ही एकत्र आवळायचे, अशी विचित्र दिसणारी पकड त्याने सगळ्या जगासमोर वापरली. प्रार्थना करून तो थांबला नाही, दुखणं जिथे होतं तिथे इलाज शोधत राहिला. तुम्ही रोज हेच करू शकता: पायाने खेळणं, क्रॉस (बाजूने गोलसमोर येणारे उंच चेंडू) पकडणं, जे कच्चं असेल ते घ्या.

निवृत्त_धावपटू:
लँगर मलाही आवडतो, पण शेवटी तीही जिंकलेल्याचीच साक्ष झाली. मी स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव घेईन. रविवार देवाचा दिवस, त्या दिवशी धावायचं नाही म्हणून त्याने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. एवढं सगळे सांगतात. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. १९४३ पासून तिथल्याच वेइश्येनच्या जपानी नजरकैद छावणीत तो मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. फेब्रुवारी १९४५ मध्ये मेंदूतल्या गाठीने तिथेच गेला. सुटका तेव्हा काही महिन्यांवर होती. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात ‘आपल्यापुढे ठेवलेली’ धाव धीराने धावा असं सांगितलंय. ती कोणती हे आपण ठरवत नाही.

आणि एक व्यवहाराचं. क्लबकडे लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला, पाठवण्याची मागणी करा. खेळायला मिळेल तिथे जाणं म्हणजे अविश्वास नव्हे. धीराच्या नावाखाली गप्प बसून राहू नका.

बदली_गोलकीपर:
लोनबद्दल प्रशिक्षकांशी बोलतो. एक गोष्ट मात्र अजून अडते. पहिल्या गोलकीपरसाठी मनापासून प्रार्थना होत नाही. त्याची चूक झाली की आतून आशा वाटते.

जुना_गोल्फर:
हे जसंच्या तसं देवासमोर बोला. बायबलमधले स्तोत्रकर्ते याहून कडू बोललेत. आणि पुढच्या वेळी त्याच्याकडून गोल सुटला, तर मध्यंतरात सगळ्यात आधी तुम्ही त्याच्याजवळ जा. मन तयार होईपर्यंत थांबू नका.